कोरेल्लीच्या सोनाटात छापलेले किती आणि वाजवायचे किती?

गजधर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी व्यवसायाने संगीतकार नाही. गेली अकरा वर्षे हौसेने व्हायोलिन वाजवतो आहे. त्यातली पहिली सात वर्षे हिंदुस्तानी पद्धतीने, मांडी घालून आणि तारा सा-प-सा-प अशा लावून शिकलो, आणि त्यानंतर पाश्चात्त्य पद्धतीने नव्याने सुरुवात केली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हनुवटीखाली व्हायोलिन धरायला शिकणे म्हणजे काय असते, हे माझ्या मानेला विचारावे.

सध्या आर्कान्जेलो कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या ओपस 5 (ओपस म्हणजे छापील संग्रहाचा क्रमांक) मधला पहिला सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, हाती घेतला आहे. पट्टी डी मेजर, म्हणजे आपली पांढरी दोन. हा बारा सोनाटांचा संग्रह 1700 साली रोममध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या मूळ छापील प्रतीची छायाचित्रे जालावर विनामूल्य मिळतात. उत्साहाच्या भरात मी तीच उतरवून घेतली आणि आता अडलो आहे.

अडचण अशी, की त्या प्रतीत फक्त दोन ओळी आहेत. वरची व्हायोलिनची, खालची बासची, म्हणजे खर्जातल्या साथीची, आणि खालच्या ओळीतल्या स्वरांसोबत 6, 7, 4-3 असे आकडे टाकलेले आहेत. हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडून वाजणारे कीबोर्ड वाद्य) वाजवणाऱ्याने उजव्या हाताने काय वाजवायचे ते कुठेच लिहिलेले नाही. संथ भागांत तर व्हायोलिनची ओळही उघडीबोडकी आहे. लांब लांब स्वर, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. परंतु ध्वनिमुद्रणे ऐकावीत तर त्याच जागी स्वरांचा पाऊस पडत असतो, आणि एका वादकाचा पाऊस दुसऱ्यासारखा नसतो.

तिसरी गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो. सोबतीला कोणी नसल्यामुळे मी जुन्या सवयीने मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनमध्ये सुरू केला आणि व्हायोलिनची ओळ वाजवू लागलो. आरंभीचे संथ स्वर आणि त्यानंतरचा जलद तुकडा, ज्यात व्हायोलिन एकाच स्वरसमूहावर वरखाली धावते, तानपुऱ्यावर असे चपखल बसले की कोरेल्ली आपल्याकडेच शिकला असावा असे क्षणभर वाटले. पण तोच प्रकार लगेच दुसऱ्यांदा येतो, आणि तिथे सगळे विस्कटले. व्हायोलिन सुरात आहे, तानपुरा सुरात आहे, आणि दोघे मिळून बेसूर आहेत. असे का व्हावे?

पेटीची साथ

तुमच्या तिसऱ्या प्रश्नातच पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी मूळचा पेटीवाला. भजनी मंडळापासून ख्यालाच्या मैफलीपर्यंत साथ केलेली आहे आणि गेली काही वर्षे कीबोर्डवर बासो कॉन्टिन्युओ, म्हणजे बासची ओळ आणि आकडे पाहून करायची साथ, वाजवण्याचा नाद लागला आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी थोडे बोलू शकेन.

पहिल्या वेळी जो जलद तुकडा येतो, त्याच्याखाली बास काय करतो ते तुमच्या प्रतीत पाहा. तो डी हा एकच स्वर धरून बसलेला आहे. म्हणजे कोरेल्लीनेच तिथे तानपुरा लिहून ठेवला आहे, तुमच्या मोबाइलने फक्त त्याची नक्कल केली. दुसऱ्या वेळी तोच तुकडा पंचमावर गेलेला आहे आणि बासने आता ए धरला आहे. बिऱ्हाड हलले, आणि तुम्ही जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिलात.

आता आकड्यांकडे येतो. बासचा स्वर एक धरून वर मोजत जायचे, एवढेच त्यातले गणित आहे. काहीच लिहिले नसेल तर तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. डी म्हणजे सा मानला आणि बास सा वर असला, तर सा-ग-प. बास ग वर असून 6 लिहिले असेल, तर मोजा : ग एक, म दोन, प तीन, ध चार, नी पाच, सा सहा. म्हणून ग-प-सा. स्वर तेच तीन आहेत, पण पाय ग वर टेकलेला असल्यामुळे ते स्वस्थ उभे राहत नाहीत, पुढे चालू लागतात. 7 आणि बास प वर, तर प-नी-रे-म, आणि तो म खाली ग वर उतरल्याशिवाय कानाला चैन पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा 4-3. बास प वर आहे. त्यापासून चौथा स्वर सा आणि तिसरा नी. म्हणजे साथीदाराने आधी सा धरायचा, तो प शी घासू द्यायचा आणि मग नी वर सोडायचा. हिंदुस्तानी कानाला हे पचायला जड जाते, याचे कारण आपल्याकडे सा वर येणे म्हणजे घरी येणे. इथे मात्र बास प वर असताना सा हा पाहुणा आहे आणि त्याला उठून नी वर जावेच लागते. एक प्रयोग करून पाहा. व्हायोलिनवर नुसता सा धरून ठेवा आणि कोणाला तरी खालून स्वर बदलायला सांगा. खाली सा असेल तर तुमचा सा विसावतो. खाली ग आला की तोच सा गोड होतो, कोमट म्हणावे असा. खाली ध आला की काळवंडतो. खाली प आला की अस्वस्थ होतो. तुमचे बोट जागचे हललेले नाही, गजाचा दाब तोच आहे, तरी स्वराचा अर्थ चार वेळा बदलला. तानपुरा हे होऊ देत नाही, कारण न बदलणे हेच त्याचे काम आहे.

म्हणून उघडीबोडकी दिसणारी ती व्हायोलिनची ओळ खालच्या आकड्यांसह वाचली तर उघडी राहत नाही. आकडे झाकून ती वाजवणे म्हणजे पत्रातली एकच बाजू वाचणे होय.

रसिक, सातारा

वाचतो आहे आणि आनंद होतो आहे. परंतु मला हे सर्व फार ओळखीचे वाटते. बंदिश दोन ओळींची असते आणि गायक ती अर्धा तास मांडतो. पेटीवाल्याला कोणी स्वर लिहून देत नाही. सांगाडा कागदावर, मांस कलावंताच्या अंगात. मग कोरेल्लीचा सोनाटा म्हणजे बंदिश आणि कॉन्टिन्युओ म्हणजे साथसंगत, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येणार नाही का?

पेटीची साथ

सातारकर, अर्धे मान्य. पण पेटीची साथ गायकाच्या मागून येते. त्याने घेतलेली जागा पेटी पुसटशी उचलते, त्याने श्वास घेतला की ती फट भरते. कॉन्टिन्युओवाला व्हायोलिनच्या मागून जात नाही, तो तिच्या पायाखालची जमीन पुढे अंथरत जातो, आणि ती जमीन छापलेली आहे. त्याला बासचा स्वर बदलता येत नाही, आकडे झुगारता येत नाहीत. मोकळीक आहे ती स्वर किती घ्यायचे, कुठल्या सप्तकात घ्यायचे, एकदम वाजवायचे की सतारीच्या तरफांसारखे एकामागून एक छेडायचे, या बाबतीत. दुसरे असे, की सोनाटाची लांबी ठरलेली असते. कोरेल्लीने अकरा मात्रा दिल्या असतील तर अकराच. बढत करायला आवर्तने वाढवून मिळत नाहीत. जे काही सजवायचे ते तेवढ्याच जागेत.

खालची ओळ

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि हार्प्सिकॉर्ड शिकते. नोकरी वेगळी आहे, पण संध्याकाळ या वाद्यापाशी जाते. इथे थोडी ऐतिहासिक भर घालावीशी वाटते, कारण तुमची ती दोन ओळींची प्रत ज्या रूपात छापली गेली, त्यालाही अर्थ आहे.

कोरेल्लीचा जन्म 1653 चा, फुसिन्यानो या गावचा. त्याचे नाव झाले ते रोममध्ये, आणि तेही दरबारी आश्रयाने : आधी स्वीडनची गादी सोडून रोमला येऊन राहिलेली क्रिस्तीना राणी, मग कार्दिनाल पाम्फिली, आणि शेवटी कार्दिनाल ओत्तोबोनी. 1713 मध्ये तो वारला आणि त्याला पँथिऑनमध्ये पुरले, एका वादकाला असा मान मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आयुष्यभरात छापले ते अवघे सहा संग्रह. पहिल्या चारांत दोन व्हायोलिने आणि बास यांचे अठ्ठेचाळीस सोनाटा आहेत, आणि ते सुट्या पुस्तिकांच्या रूपात निघाले. पहिल्या व्हायोलिनची पुस्तिका निराळी, दुसऱ्याची निराळी, बासची निराळी; म्हणजे साथीदाराला आपल्यापुढे व्हायोलिन काय करते आहे ते दिसत नसे, फक्त ऐकू येई.

ओपस 5 मध्ये त्याने ही रीत सोडली. हा संग्रह तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापला, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या. साथीदाराच्या डोळ्यांपुढे आता व्हायोलिनची ओळ आली. याचा उपयोग दुसऱ्या भागात विशेष कळतो. तो जलद फ्यूग आहे, म्हणजे एकच चाल वेगवेगळे आवाज पाठोपाठ उचलतात अशी रचना. व्हायोलिन दोन-दोन तारा एकदम वाजवून दोन आवाजांचे काम एकटीच करते आणि तिसरा आवाज बासचा. म्हणजे आधीच्या चार संग्रहांतली दोन व्हायोलिने इथे एका व्हायोलिनमध्ये कोंबली आहेत. कीबोर्डवाल्याने तिथे आंधळेपणाने जाडजूड स्वरसमूह ओतले, तर त्या तीन आवाजांचा चिखल होतो. ओळ समोर दिसत असली की हात आपोआप आखडता घेतला जातो.

मुखपृष्ठावर लिहिले आहे : व्हायोलिन आणि ‘व्हिओलोने किंवा चेंबालो’ यांच्यासाठी सोनाटा. व्हिओलोने म्हणजे त्या काळच्या रोममध्ये चेलोच्या जातीचे मोठे वाद्य, चेंबालो म्हणजे हार्प्सिकॉर्ड. गंमत त्या ‘किंवा’मध्ये आहे. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही वाद्ये एकत्र बसवतात, वर एखादा थिओर्बोही (लांब मानेचे, छेडून वाजवायचे तंतुवाद्य) आणतात. परंतु ‘किंवा’चा साधा अर्थ घेतला तर एकच वाद्य पुरे आहे. अँड्र्यू मॅन्झे आणि रिचर्ड एगार यांनी संपूर्ण ओपस 5 व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्ड एवढ्यावरच ध्वनिमुद्रित केले आहे. चेलो नाही म्हणून काही कमी पडते असे मला एकदाही वाटले नाही. उलट नुसत्या चेलोवर साथ केली, तर आकड्यांतले स्वर चेलोवाल्याने जमेल तिथे दोन-तीन तारांवर छेडायचे आणि उरलेले श्रोत्यांच्या कानावर सोपवायचे. मी ही साथ एका लहान चर्चमध्ये ऐकली. सुरुवातीला दोन मिनिटे पोकळ वाटते. मग कान स्वतःच मधले स्वर भरू लागतो.

गजधरांच्या तानपुऱ्याविषयी एक आगाऊ टीप. आज असे संगीत वाजवताना बहुतेक ठिकाणी ए हा स्वर 440 ऐवजी 415 ला लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. त्या हिशेबाने तुमची पांढरी दोन काळी एकवर येते. आणि रोमची त्या वेळची पट्टी त्याहूनही खाली, आजच्यापेक्षा सुमारे पूर्ण स्वर उतरलेली होती. म्हणजे खुद्द कोरेल्लीचा डी तुमच्या पेटीवर पांढरी एकच्या आसपास.

मांडवीतीर

मी गोव्याची. आमच्याकडे चर्चच्या शाळेत मुलांना दो-रे-मी वाचायला शिकवून हातात व्हायोलिन द्यायची जुनी प्रथा होती. माझे आजोबा त्या प्रथेतले आणि माझ्या हाती पहिले व्हायोलिन त्यांचेच. कोरेल्ली आमच्या घरात होता तो एका जीर्ण प्रतीच्या रूपाने : फोलियाची, म्हणजे ओपस 5 मधल्या बाराव्या सोनाटाची, उबेर लेओनार यांनी 19 व्या शतकात केलेली आवृत्ती, खाली पियानोची भरगच्च साथ आणि शेवटाकडे वादकाने एकट्याने वाजवायचा लांबलचक, अवघड तुकडा. तो तुकडा कोरेल्लीचा नाहीच, हे मला विशीत कळले. तोवर मी त्याच्यावरच जीव टाकत होते.

म्हणून नवशिक्या वादकांना माझे सांगणे असे, की मूळ दोन ओळींची प्रत आणि कोणीतरी साथ भरून दिलेली प्रत, या दोन्ही जवळ ठेवाव्यात. नुसत्या मूळ प्रतीवर घरात एकटे बसून काही होत नाही. पण भरलेली साथ हा एका संपादकाचा एका दिवसाचा निर्णय आहे हे विसरू नये. बाखच्या हार्प्सिकॉर्ड आणि व्हायोलिनच्या सहा सोनाटांत, म्हणजे त्याच्या रचनांच्या सूचीतल्या क्रमांक 1014 ते 1019 मध्ये, उजव्या हाताचे बहुतेक काम बाखने स्वतः लिहिले आहे; तिथे तो हात बदलणे म्हणजे रचनाच बदलणे. कोरेल्लीत मात्र तो हात जाणून मोकळा ठेवला आहे. या दोन प्रकारांची गल्लत पुष्कळ शिक्षकही करतात.

आणि गजधर, मानेविषयी. हनुवटीखालची ती लाकडी पट्टी 1820 च्या सुमारास लुई श्पोरने आणली. कोरेल्लीच्या काळी ती नव्हती. कोरेल्लीच्या परंपरेतला जेमिनियानी 1751 च्या आपल्या ग्रंथात व्हायोलिन गळ्याच्या हाडाच्या किंचित खाली टेकवावे असे सांगतो. व्हायोलिन हनुवटीने दाबलेले नसले की डावा हात वरून खाली घसरताना वाद्यही ओढले जाते, आणि म्हणूनच हे संगीत बहुतांशी पहिल्या ते तिसऱ्या पोझिशनमध्ये, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या हाताच्या पहिल्या तीन जागांत, सुखाने राहते. तुम्ही मांडी घालून वाजवत होता तेव्हा तुमचे व्हायोलिन छातीशी टेकलेले होते. कोरेल्लीसाठी तुम्ही जे विसरायचा प्रयत्न करीत आहात, ते काही अंशी आठवायला हवे.

गजधर

मांडवीतीर, तुमचा शेवटचा परिच्छेद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. हनुवटीखालची पट्टी आजपासून कपाटात.

आता संथ भागांतल्या स्वरांच्या पावसाविषयी. शोधताना एक 1710 ची ॲम्स्टरडॅमची आवृत्ती दिसली. तिच्यात पहिल्या सहा सोनाटांच्या संथ भागांना दोनऐवजी तीन ओळी आहेत : मधे कोरेल्लीची साधी ओळ, खाली बास, आणि सर्वांत वर त्याच साध्या ओळीचा नटवलेला अवतार. वर असेही म्हटले आहे की कोरेल्ली स्वतः जसे वाजवतो तशी ही सजावट आहे. मग हा प्रश्न मिटलाच, नाही का? वरची ओळ पाठ करावी आणि मोकळे व्हावे.

खालची ओळ

मिटला असता तर तीनशे वर्षे वाद चालला नसता.

ती आवृत्ती एतिएन रोझे या प्रकाशकाची. 1710 साली कोरेल्ली हयात होता, रोझे ॲम्स्टरडॅममध्ये आणि कोरेल्ली रोममध्ये. अशी जाहिरात केल्यावर पुस्तक खपणार हे उघड असल्यामुळे संशय लगेच घेतला गेला, आणि रोझेलाही तो जाणवला असावा, कारण त्याने जाहीर केले की कोणाला शंका असेल त्याने दुकानात येऊन कोरेल्लीची मूळ प्रत आणि पत्रे पाहावीत. इंग्लंडमधल्या रॉजर नॉर्थ या संगीतावर लिहिणाऱ्या गृहस्थाने मात्र ही सजावट पाहून नाक मुरडले. एवढ्या मोठ्या उस्तादाच्या रचनेत इतके किडे शिरले तरी कसे, अशा अर्थाचे त्याचे वाक्य प्रसिद्ध आहे. छापील पान पाहिले की त्याचा राग समजतो, कारण बारीक स्वरांचे ते थवे खरोखरच वाळवीसारखे दिसतात.

माझे मत रोझेच्या बाजूने झुकते, आणि त्याला एक कारण आहे. कोरेल्लीने आपला शेवटचा संग्रह, ओपस 6 चे बारा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासाठीच्या रचना), छापायला याच रोझेकडे दिले. ते त्याच्या मृत्यूनंतर 1714 मध्ये निघाले. ज्याने आपल्या नावावर खोटी सजावट खपवली, त्याच्याच हाती म्हातारपणीचे काम कोण सोपवील? हा पुरावा नव्हे, पण माझ्या मनाला पटणारा तर्क आहे.

परंतु ती कोरेल्लीची असली तरी पाठ करू नका, असेच मी म्हणेन. ती सजावट एका दिवशीची आहे. वरची ओळ नीट पाहिली तर तिच्यात अनेक ठिकाणी मात्रांत मावतील त्याहून जास्त स्वर लिहिलेले दिसतात, त्यांची बेरीज जुळत नाही, कारण त्या धावा बासच्या ठोक्यावर मोजून बसवायच्या नसून एका ठोक्यावरून निघून पुढच्या ठोक्याला पोचायच्या आहेत. मधला वेळ वादकाचा. कुठून निघायचे आणि कुठे पोचायचे, हे मात्र साध्या ओळीने पक्के केलेले आहे. इतरांनीही हेच केले. जेमिनियानीने नवव्या सोनाटाची जी सजवलेली आवृत्ती वाजवली, ती जॉन हॉकिन्स या इंग्रज लेखकाने 1776 च्या आपल्या संगीताच्या इतिहासात छापली. ती रोझेच्या सजावटीपेक्षा स्वभावाने अगदी निराळी आहे. हाच जेमिनियानी ओपस 5 वरून 1726 आणि 1729 मध्ये वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो रचून बसला होता, म्हणजे या सोनाटांवर त्याचा कोणापेक्षाही जास्त हात फिरलेला होता.

रसिक, सातारा

एक श्रोता म्हणून प्रांजळपणे लिहितो. मी कालच रोझेची सजावट वापरलेले एक ध्वनिमुद्रण आणि जवळजवळ साधी ओळ वाजवलेले दुसरे, अशी दोन्ही लागोपाठ ऐकली. सजावटीचे मला फारसे सुख झाले नाही. आपल्याकडे तान घेतली की ती समेवर येते आणि मान डोलते. इथे धावा वर जातात, खाली येतात आणि कुठेतरी विरतात. साधी ओळ मात्र पोटात गेली. नॉर्थ महाशयांशी मी सहमत आहे, असे म्हटले तर चालेल काय?

पेटीची साथ

चालेल, पण एकदा बासकडे कान लावून ऐका. धाव विरते असे वाटते त्या जागी खाली बहुधा 4-3 किंवा 7 असतो, आणि धाव ज्या स्वरावर येऊन थांबते तोच स्वर अडखळतो आणि उतरतो. आपण सम तबल्यात ऐकतो. इथे ती बासच्या उतरणीत आहे. मुक्काम खाली आणि तुमचे लक्ष वर, म्हणून चुकामूक होते.

हे ऐकायला सर्वांत सोपी जागा म्हणजे याच संग्रहातला बारावा सोनाटा, फोलिया. पहिले सहा सोनाटा चर्चच्या ढंगाचे, पुढचे पाच नृत्यांच्या ढंगाचे आणि हा शेवटचा एकाच चालीवरच्या बदलांचा. चाल कोरेल्लीची नाही. ती इबेरियातून आलेली आणि युरोपभर फिरलेली आहे. डी ला सा मानून तिचा ठरलेला सांगाडा असा. बास : सा, प, सा, कोमल नी, कोमल ग, कोमल नी, सा, प. प्रत्येक स्वराला तीन मात्रा. मग पुन्हा तसेच कोमल नी पर्यंत, आणि शेवटच्या दोन मापांत (एक माप म्हणजे तीन मात्रा) सा-प आणि सा. एकूण सोळा मापे, अठ्ठेचाळीस मात्रा. वरची चाल ढोबळमानाने : सा, शुद्ध नी, सा, रे, कोमल ग, रे, सा, शुद्ध नी. म्हणजे वर शुद्ध निषाद आणि खाली कोमल निषाद, एकाच चालीत, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. आपल्याकडच्या दोन्ही निषादांच्या रागांत एक चढताना आणि एक उतरताना लागतो. इथे एक वरच्या मजल्यावर राहतो आणि दुसरा तळमजल्यावर. हे आवर्तन पेटीवर दहा वेळा घोळवा आणि मग कोरेल्ली ऐका. तो चाल सोडून कितीही दूर गेला, तरी तुम्ही कुठल्या मापात आहात हे चुकणार नाही.

मांडवीतीर

पेटीवाल्यांच्या या प्रतिसादाची मी छापील प्रत काढून शिष्यांच्या वहीत चिकटवणार आहे. एकच दुरुस्ती सुचवते : कोरेल्ली हा सांगाडा जसाच्या तसा सगळीकडे ठेवत नाही, काही बदलांत बासलाही पळवतो आणि व्हायोलिनला लांब स्वर देऊन गप्प बसवतो. तिथे साथीदाराने आकडे वाजवायचा हट्ट धरू नये.

गजधर

आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात एक घडले. पेटीची साथ आणि मी एकाच शहरात राहतो हे व्यक्तिगत निरोपातून कळले, आणि रविवारी सकाळी ते घरी आले. पेटीवर कॉन्टिन्युओ होत नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आले. एक हात भात्यावर अडकतो, मग बास आणि आकडे दोन्ही उरलेल्या एका हाताने कसे सांभाळणार? शेवटी मुलीचा कीबोर्ड काढला आणि त्यावर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावला. चहा दोनदा गार झाला.

पहिल्या सोनाटाचा आरंभ त्यांनी माझ्याखाली अंथरला. जलद तुकड्यात बास डी वर थांबला तेव्हा त्यांनी वरचे स्वर अजिबात न वाजवता नुसता तो एक स्वर पुन्हा पुन्हा छेडला, आणि मला माझा तानपुरा परत मिळाला. दुसऱ्या वेळी बास ए वर गेला. या वेळी काही विस्कटले नाही; खोलीत कोणीतरी खिडकी उघडावी तसे झाले. मग आम्ही चौथ्या भागाकडे, त्या संथ अदाजोकडे वळलो. मी रोझेची वरची ओळ अर्धवट पाठ केलेली होती आणि ती तशीच वाजवायला लागलो. एके ठिकाणी, जिथे बासवर 4-3 आहे, मी धाव घेत घेत सरळ उतरलेल्या स्वरावर जाऊन बसलो. पेटीवाल्यांनी हात उचलला आणि म्हणाले, “गजधर, मी अजून चारवर आहे. तुम्ही तीनवर जाऊन माझी वाट पाहताय.”

तेव्हापासून तेवढे एकच माप घोळवतो आहे. धाव निम्मी केली आहे. तो चौथा स्वर आता गजाच्या टोकापर्यंत धरतो, त्यांनी खालचा स्वर पुन्हा छेडेपर्यंत थांबतो आणि मगच उतरतो. येत्या रविवारी पुढचे माप. खालची ओळ यांना एक विचारायचे होते : हार्प्सिकॉर्डचा स्वर लगेच विरतो, मग असा लांब 4-3 असताना तुम्ही चौथा स्वर पुन्हा छेडता की व्हायोलिनच्या भरवशावर सोडून देता?

खालची ओळ

व्हायोलिनवाला तो स्वर धरून असेल तर मी तो अजिबात वाजवत नाही. नुसता बास आणि पाचवा स्वर ठेवते, म्हणजे घासणे त्याच्या गजाच्या वाट्याला येते. त्याने मध्येच सोडला, तर मात्र मी तो उचलते आणि हळूच तीनवर आणून ठेवते. कोण काय करणार आहे हे आधी ठरवू नका. पेटीवाल्यांना तुमच्या उजव्या हाताकडे पाहायला सांगा. गज कुठे संपतो आहे ते तिथून दिसते.